गुंठ्यात वळणारी गाडी

नमस्कार मंडळी. मला इथं रेडिओवर बोलवलंय ते सर्वेअर म्हणून, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजणारा माणूस म्हणून, खरं मी आधीच सांगून ठेवलंय की अर्धा वेळ मी एका गाडीबद्दल बोलणार. चालतंय म्हणाले, म्हणून आलोय.

आधी कामाचं सांगतो. मी सरकारी नव्हे, लायसन्सवाला सर्वेअर. वाटणी करायची, खरेदी करायची, की आधी अकरा-ई चा नकाशा लागतो, म्हणजे कुठला तुकडा कुणाचा ते दाखवणारा मोजणीचा नकाशा, तो काढायला आम्ही जातो. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, कधी निपाणीकडं. लोकांना वाटतंय, ट्रायपॉड उभा केला, दुर्बिणीत डोळा घातला, आला आकडा. आकडा येतोय की, मशीनला काय, ती मिलिमीटरमधे सांगती! लफडं तिथंच सुरू होतं.

कारण ज्या कागदावरून मी मोजतोय तो कागद मिलिमीटरचा नाही. जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचा हातानं काढलेला कागद, काढून बघा एकदा. ते शंकू-साखळीनं केलेलं, शंकूनं काटकोन धरायचा, साखळीनं लांबी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. ही सगळी पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड ह्या साहेबांनी १८३५ च्या सुमाराला इंदापुरात बसवायला घेतली, मग ती मुंबई इलाखाभर पसरली, आणि आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडंच, म्हणून आपले दगड आणि आपली टिपणं त्याच घराण्यातली. आता एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. त्या काळात कुणीतरी भर उन्हात, लोखंडी साखळी ओढत, अर्धा आणा इकडं का तिकडं असं लिहिलं असेल तर तिथंच फूटभर गेला. त्या माणसाची चूक आहे असं मी म्हणत नाही, त्याच्या हातात जे होतं त्यात त्यानं लय चांगलं काम केलंय. खरं आज माझ्या स्क्रीनवर पॉइंटनंतर तीन आकडे दिसले की शेतकरी म्हणतोय, सायेब बरोबर बोललात, तीनशे चौदा मिलिमीटर आमची त्येच्याकडं गेली. अरे बाबा, कुठली तीनशे चौदा! मूळ कागदच तेवढं बारीक बोलत नाही.

आणि दगड. दगड जागेवर असला तर अर्धं भांडण मिटतंय, पण असतोय कुठं? बांध दरवर्षी नांगरानं थोडा थोडा कोरायचा ही तर आपली जुनी विद्या, पूर्वी बैलानं व्हायचं आता ट्रॅक्टरनं होतं एवढाच फरक. परवा एका गावात तीन शिवांचा दगड शोधत होतो, तिन्ही बाजूचे लोक हजर, सगळे म्हणतात इथंच होता, आमच्या आज्ज्यानं दाखवलेला, आणि मी पाणी प्यायला विहिरीवर गेलो तर दगड तिथं. वरची कड घडीव, सरळ उभा छान दगड, आणि एक अक्का त्याच्यावर चादर आपटत होत्या. मी विचारलं अक्का हा दगड कुठला, तर म्हणाल्या आमचा, लग्न होऊन आले तेव्हापासून इथंच आहे. आता ह्याच्यावर मी काय बोलू?

ऊस उभा असला की प्रिझम, म्हणजे समोरच्या काठीवरची काच, मशीनला दिसत नाही. झाडाखाली गेलं की रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र, फिक्स सोडतो आणि फ्लोट दाखवायला लागतो, म्हणजे दोन सेंटीमीटरचा भरवसा जाऊन हातभराचा राहतो. कणकुंबी-जांबोटीकडं तर मोबाईलची रेंजच जाते, आणि रोव्हरला करेक्शन, म्हणजे जागा बारीक करायची दुरुस्ती, सिमवरून येतं, मग काय, बसा फणसाखाली. बाजूवाल्यांना नोटीस गेलेली असते पण एक तरी बाजूवाला त्याच दिवशी नेमका पंढरपूरला गेलेला असतो. भाऊ-भाऊ असले तर दोघंही हजर असतात, एकमेकाशी बोलत नाहीत, जे काय बोलायचं ते माझ्याकडं बघून बोलतात. एक कन्नडमधे सांगतो एक मराठीत, खरं शिव्या दोघांच्या एकाच भाषेत. सीमेवर शिनोळी-बाचीकडं तर अजून मजा, घर ह्या राज्यात, शेत त्या राज्यात, तिकडच्या सात-बाऱ्यावर हेक्टर-आर, इकडच्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे, आणि मालक मला विचारतोय की दोन्ही मिळून माझं किती ते एका आकड्यात सांगा. सांगतो की, गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, शंभराला एकाचा फरक. पण तो फरक कुठं गेला म्हणून परत तासभर.

मोजून झालं की ज्याचं कमी भरलं तो म्हणतो मशीन खोटी. ज्याचं जास्त भरलं तो चहा सांगतो.

मशीन खोटी नसते, पण तिची दुसरी तऱ्हा आहे. बिघडली की मला काही कळत नाही. मोठ्या शहरात सर्व्हिसला पाठवायची, बॉक्समधून, आणि ते फोनवर म्हणतात बोर्ड गेलाय. कुठला बोर्ड, का गेला, काही नाही. बिल तेवढं येतं. इथून माझं डोकं त्या गाडीकडं जातं.

गाडी म्हणजे ट्रायंफ स्पिटफायर. दोन सीटची, छप्पर कापडाचं, मागं पाडायचं. आमच्या बेळगावच्या कॅम्पात एक डॉक्टर होते त्यांची, आणि ती बघायचे माझे मामा, शहापुरात त्यांचं गॅरेज. शाळा सुटली की मी तिथं, पाने पुसायला. नव्वदीच्या आसपासची गोष्ट, तेव्हाही ती गाडी जुनीच. स्पिटफायर निघाली १९६२ ला, इंग्लंडात कॅन्लीला बनायची, १९८० ला बंद झाली, डिझाईन मिकेलोत्ती ह्या इटालियन माणसाचं. पहिल्या गाडीचं इंजिन ११४७ सीसीचं. आज ऐकून कुणी हसेल, आपल्या साध्या गाड्या त्याहून मोठ्या. पण बसलं की बूड रस्त्याला लागेल असं वाटायचं, वेंगुर्ला रोडनं आंबोलीला जाताना दोन्ही बाजूचा ऊस आभाळाला लागलेला दिसायचा, आणि चाळीसच्या स्पीडला शंभरची भीती. मला एकदाच नेलं होतं, टेस्टिंगला म्हणून.

ही गाडी बेळगावात चालू राहिली त्याचं कारण वेगळंच आहे. ती मुळात हेराल्डच्या चेसीवर बेतलेली, चेसी कापून आखूड केलेली. आणि हेराल्ड आपल्याकडं १९६१ पासून मद्रासला बनत होती, स्टँडर्ड हेराल्ड, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितली असेल, दोन दारांची. डिझाईनर तोच, पुढचं सस्पेन्शन त्याच जातीचं. म्हणजे विलायती स्पोर्ट्स कारला देशी भाऊ मिळाला, पार्ट त्याचे चालायचे. एमजी बी, म्हणजे त्याच काळातली दुसरी विलायती स्पोर्ट्स कार, ती चांगली का स्पिटफायर चांगली हा वाद शौकीन लोक अजून घालतात, घालू देत. एमजीला वेगळी चेसी नाही, बॉडी सडली की सगळंच सडलं. स्पिटफायरची बॉडी बोल्ट काढून उचलता येते. आपल्या पावसात हेच बरं.

आणि बॉनेट! पुढचं सगळंच्या सगळं, मडगार्डासकट, पुढं उलटतं. मग पुढच्या टायरवर बसून काम करायचं, मामा तसेच बसायचे, एक पाय चेसीवर. दोन एसयू कार्बोरेटर. ते एकमेकाशी जुळवायला मामांचं हत्यार म्हणजे रबराची फूटभर नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, ह्याचा फुसफुस ऐकायचा, मग त्याचा, मग स्क्रू अगदी केसभर फिरवायचा, परत ऐकायचं. दोन्ही सारखे वाजले की झालं. एकदा थ्रॉटलच्या दांड्याचं बूश झिजलं, हवा खायला लागलं, तर मामा सायकलवरून उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, गेले आणि संध्याकाळपर्यंत लेथवर पितळेचं बूश करून घेऊन आले. कुठं पाठवायला नाही लागलं, कुणी फोनवर सांगायला नाही लागलं. दोष होता तो ऐकू आला आणि काढला. जमिनीच्या कागदात दोष दिसतो पण काढायचा अधिकार कुणाला आहे ते विचारत फिरायला लागतं, मी फक्त बाजूला लिहून ठेवतो, तफावत आढळते.

गाडीत खोड होती, नाही कशाला म्हणू. मागच्या एक्सलची रचना अशी की वळणावर जोरात असताना एकदम पाय काढला तर मागचं चाक आत दुमडायला बघायचं आणि शेपूट निसटायची. १९७० नंतरच्या मॉडेलला ते बरंच सुधारलं. डॉक्टर म्हणायचे, वळणात घाबरायचं नाही, घाबरायचं ते वळणाच्या आधी.

पण वळायची कशी! सगळा फेरा चोवीस-पंचवीस फुटांत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, पुढं मोजणीला लागल्यावर डोक्यात आलं की अरे, हे तर साखळीच्याही आत! एका गुंठ्यात ही गाडी पूर्ण फिरते, शेजाऱ्याच्या हद्दीत चाक न घालता. भावकीचं भांडण ऐकत उभा असतो ना, तेव्हा मी मनात ती गाडी त्या तुकड्यात फिरवत असतो.

डॉक्टर गेले, मामाही गेले. गाडी कॅम्पातच शेडमधे आहे, डॉक्टरांचा मुलगा बाहेरगावी असतो, त्यानं मला किल्ली दिलीय. कुणी त्याला सल्ला दिला होता की इंजिन काढून बॅटरी बसव. मी म्हटलं मग ट्रायपॉडवर मोबाईल बांधून जमीन पण मोजूया की! इंजिन फिरतंय, मी बघितलंय. अडलंय ते पुढच्या चाकाच्या ट्रनियनवर. म्हणजे खालच्या बाजूला पितळी भाग असतो, चाक वळताना वरचा दांडा त्यात आट्यांवर फिरतो, त्याला ग्रीस घालायचं नसतं, गिअर ऑईल घालायचं असतं, आणि बंद पडून राहिलेल्या वर्षांत कुणीतरी भरभरून ग्रीस मारून ठेवलंय. आटे गेले.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. माझ्या धंद्यात लोकांच्या घरामागं जायला मिळतं, गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीमागं, आणि तिथं मी हेराल्ड बघितल्यात, कोंबड्या बसलेल्या. संकेश्वर, गडहिंग्लज, निपाणीकडं अजून असणार. तुमच्याकडं असली तर भंगारवाल्याला घालायच्या आधी रेडिओवाल्यांकडं निरोप ठेवा, मी येतो, माझे पाने घेऊन. पुढचा डाव्या बाजूचा ट्रनियन पाहिजे. उजव्याचे आटे डाव्याच्या उलट दिशेचे असतात, तो चालत नाही.