तीस डॉलरमधले पंचवीस

हा फोटो नीट बघा. खांद्यावर कुदळ-फावडी घेतलेली ही पोरं सैन्यातली नाहीत, पण राहतात छावणीत. साल १९३३. अमेरिकेत दर चार कामगारांत एक बेकार. मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि महिना उलटायच्या आत ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’चा कायदा मंजूर झाला. झाडं लावायची, बांध घालायचे, जंगलात वाटा पाडायच्या. पगार महिना ३० डॉलर. त्यातले २५ मात्र परस्पर घरी जायचे.

खरी गोम या पंचवीस डॉलरांत. घरी आलेला पैसा साठवून ठेवायची चैन कुणालाच परवडत नव्हती. वाण्याची थकलेली उधारी, धाकट्यांचे बूट, घरभाडं. उधारी फिटली की वाणी पुन्हा माल भरणार, मग गिरणीतही चार माणसं कामाला लागणार. सगळ्यांनीच हात आखडले असताना कर्ज काढून खर्च करण्याची ऐपत सरकारचीच असते.

नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांत राहून गेले. रस्ते, शाळा, विमानतळ बांधणाऱ्या दुसऱ्या योजनेने ८५ लाखांना काम दिलं.

आणि १९३७ साली, जरा बरे दिवस दिसू लागताच, रूझवेल्टना अंदाजपत्रकातली तूट टोचू लागली. खर्चाला कात्री लागली. पुढच्याच वर्षी लाखो लोक पुन्हा रस्त्यावर. न्यू डीलने, म्हणजे रूझवेल्टच्या या सगळ्या योजनांनी, उधळपट्टी केली, असं आजही म्हणतात. मला तर वाटतं, फारच जपून खर्च केला.

मग युद्ध आलं आणि तुटीची बोलणी थांबली. १९४० साली दहा अब्ज डॉलरच्या आत असलेला केंद्र सरकारचा खर्च १९४५ पर्यंत नव्वद अब्जांच्या वर गेला. मिशिगनमधल्या विलो रन कारखान्यातून तासाला एक बॉम्बर बाहेर पडू लागलं. चौदा टक्क्यांवरची बेकारी १९४४ मध्ये एक टक्क्याच्या आसपास आली. अर्थात, एक कोटीहून जास्त माणसं तेव्हा गणवेशात होती, हेही हिशेबात धरायला हवं.

आणि चैन होती म्हणाल, तर तीही नाही. साखर कूपनवर, नव्या मोटारींचं उत्पादन १९४२ पासून बंद. पगार हातात, दुकानात माल नाही. लोकांनी युद्धरोखे घेतले, म्हणजे युद्धासाठी सरकारला पैसे उसने दिले. युद्ध संपल्यावर हीच शिल्लक बाहेर निघाली. १९४६ साली विलो रनमधूनही मोटारी बाहेर पडू लागल्या होत्या.