एका डबीचा हिशेब

अध्यक्ष, कार्यवाह आणि मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘उद्योजिका’ छापलंय. वाडीत मला ‘साबणवाली’ म्हणतात. हाक मारायची झाली तर दुसरीच मारा, पहिलीला मी ओ देईन याची खात्री नाही. विषय दिलाय ‘एका डबीचा हिशेब’. मी मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांतल्या तेलाचा, बाम करते. पन्नास ग्रॅमची डबी, दोनशे वीस रुपये. त्यातला रुपया न् रुपया कुठे जातो ते सांगायचं कबूल केलंय, आणि सांगणार आहे, वही आणलीय. पण आधी एक सल आहे ती काढून टाकते, नाहीतर माझी बेरीज चुकेल.

सल म्हणजे ‘नैसर्गिक’ हा शब्द.

इथे काजूच्या कारखान्यात काम केलेल्या किती जणी आहेत? हात वर नका करू, बोटं बघून कळतं. टरफलातलं तेल बोटाला लागलं की कातडी सोलवटून निघते. आता सांगा, ते तेल नैसर्गिक नाही? झाडावरचं, बिनखताचं, आपल्या वेंगुर्ल्याच्या मातीतलं. बिब्बा नैसर्गिक. खाजकुयली तर अगदीच नैसर्गिक. भरा बाटलीत, लावा वर हिरव्या पानाचं चित्र आणि पाठवा मुंबईला! (हशा) हसताय, पण ते पानाचं चित्र छापणाऱ्याकडे तयार मिळतं. मी गेले तेव्हा त्याने विचारलंच, ‘ताई, पान डावीकडे घेऊ की उजवीकडे?’ आत काय आहे हे त्याने विचारलं नाही, आणि तसं विचारणं त्याचं कामही नाही.

तर प्रदर्शन. चार वर्षांपूर्वी पुण्याला गेले होते, डिसेंबरात. दोन खोकी एसटीच्या टपावर, एक मांडीवर. माझ्या शेजारी एका गृहस्थांचा स्टॉल. लालभडक साबण, त्यावर लिहिलेलं ‘अस्सल कोकणी कोकम’. माझ्या वड्या पिवळसर पांढऱ्या, जुन्या हस्तिदंतासारख्या. आता तुम्हाला हे सांगणं म्हणजे मालवणात मासे विकणं, पण पुण्यात मी दोन दिवस हेच सांगत होते. बाई, रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल लाल असते, तिची आमसुलं होतात. आत बी असते. ती धुऊन, वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर तेल तरंगतं. ते काढून निवलं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून मुठेल. कुणी भिरंडेल म्हणतं. त्याला लाल रंग नसतो, वासही जवळपास नसतो. गरम पेजेवर किसून खातो आम्ही, टाचांच्या भेगांत भरतो, लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या झाल्या की बोटांच्या बेचक्यांत लावतो. बाई सगळं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, ‘छान माहिती दिलीत’ म्हणायच्या आणि शेजारचा लाल साबण घ्यायच्या. एकीने तर माझी वडी नखाने खरवडून पाहिली, म्हणाली, ‘ह्यात कोकम कमी दिसतंय.’

दोन दिवसांत माझे अकरा साबण खपले. शेजारच्या गृहस्थांनी सगळा माल संपवून दुसऱ्या दिवशी दुपारीच टेबल आवरलं.

आता खरं सांगते, घरी आले ती जळफळत आणि मला मोह झाला. लाल पाहिजे ना? मग आगळ घालू की, कोकमाचा खारवलेला रस, आपल्याच घरचा. साबण म्हणजे काय, तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. (मागून कुणीतरी ‘केमिकल!’ म्हणालं वाटतं. हो, केमिकल. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, पुढे साबणात ते उरत नाही एवढंच. ‘केमिकल-फ्री साबण’ म्हणणाऱ्याला विचारा, बाबा, मग तू तेलाच्या वड्या विकतोस काय?) तर घोटलेल्या साबणात वाटीभर आगळ ओतलं. लाल धार पडली, काय सुंदर दिसली! उलथनं एकदा फिरवलं, जांभळं झालं. दुसऱ्यांदा फिरवलं, हिरवट. म्हटलं, हे काय? तिसऱ्या फेऱ्यात सगळं घमेलं तपकिरी. कोकमाचा लाल रंग आंबटपणात लाल असतो, कॉस्टिकसारख्या अल्कलीत गेला की मरतो. हे मला शाळेत शिकवलं होतं, जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून, आणि मी परीक्षेत लिहिलंही होतं. शिवाय आगळात मीठ, म्हणजे फेस नाही. साठ वड्या. सासूबाई पडवीत आल्या, एक वडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘गो, ह्यो साबण काय शेणाचो गोळो?’

(हशा) थांबा, पुढे आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच प्रदर्शन, तेच शेजारी. मी वर्षभर भांडणाची तयारी केलेली. आगळ घातलं की काय होतं हे मला आता माहीत होतं, म्हणजे ह्यांचा लाल रंग बाहेरचा, हे सिद्धच. पहिल्याच दिवशी गाठलं. गृहस्थ चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, ‘ताई, गेरू आहे. मातीतला. नैसर्गिकच की.’ आणि कोकम? ‘आहे ना. थोडं आहे.’

मला एक शब्द सुचला नाही. त्यांच्या वेष्टनावर खोटं असं काही नव्हतंच. गेरू नैसर्गिक, कोकम कोकणी, थोडं असलं तरी अस्सल. फक्त घेणारी बाई समजत होती एक आणि होतं दुसरंच. तेव्हापासून मी ‘नैसर्गिक’ ह्या शब्दाचं नाव टाकलंय. माझ्या डबीवर तो नाही. त्यापायी गिऱ्हाईक कमी झालं का? झालं. आणि जाता जाता गेरूचंही सांगते. मातीत शिसं असू शकतं, आर्सेनिक असू शकतं. सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० च्या वर आणि आर्सेनिक २ च्या वर चालत नाही. म्हणून ह्या कामासाठी लागणारा लाल आयर्न ऑक्साइड, म्हणजे गेरूत असतो तोच लाल रंग, कारखान्यात बनवतात. म्हणजे तो कारखान्यातला रंग पुष्कळदा अंगणातल्या गेरूपेक्षा निर्धोक. हे मी एका महिला मेळाव्यात बोलले तर मला परत बोलावलं नाही.

दुसरा असाच शब्द, ‘प्राण्यांवर चाचणी नाही’. सोबत सशाचं चित्र. अहो, आपल्या देशात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला कायद्यानेच बंदी आहे. त्याची जाहिरात करणं म्हणजे वाण्याने पाटी लावायची, ‘येथे चोरीचा माल मिळत नाही’!

आणि तिसरा, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. ह्यात चूक माझीच, ती सांगते. कोरफडीचा गर डबीत भरून विकला होता मी, जून महिन्यात, बिनप्रिझर्व्हेटिव्हचा, मोठ्या तोऱ्यात. जुलैत एका बाईंनी डबी परत पाठवली. झाकण उघडलं तर आत बारीक करडी लव, मांजराच्या पिल्लासारखी. बाईंनी चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं, ‘ही वाढते आहे.’ पाणी असलेल्या कशातही बुरशी येणारच, आपल्या पावसाळ्यात तर भिंतीला येते. सगळ्यांचे पैसे परत केले आणि पाण्याचा पदार्थ बंद केला. बामात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून तो टिकतो, त्यात माझं पुण्य काही नाही.

कार्यवाहांनी चिठ्ठी दिलीय. ‘१० मिनिटे.’ चिठ्ठी कधी लिहिली ते लिहिलेलं नाही. (हशा) नाही, नाही, आलेच हिशेबावर. मातोंडची गाडी कितीची? म्हणजे सातच मिनिटं.

तर डबी दोनशे वीसची. पटापट सांगते, कुणी लिहून घेत असेल तर घ्या. मुठेल तीस ग्रॅम, तीस रुपये. खोबरेल आणि मेण बारा. डबी, झाकण, लेबल चौतीस. मजुरी सव्वीस. कुरिअर अठ्ठेचाळीस. परवाना, तपासणी, कर, खोलीचं भाडं मिळून तीस. वाया गेलेलं बारा, त्यात मे महिना सगळ्यात मोठा, कारण मुठेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, कुरिअरच्या गाडीत त्याचं पाणी होतं आणि निवताना रवा धरतं, मग गिऱ्हाईक म्हणतं भेसळ. झाले एकशे ब्याण्णव. उरले अठ्ठावीस.

आता ह्यात काय दिसलं? मुठेलाला तीस, डबीला चौतीस. आतल्या मुठेलापेक्षा वरची डबी महाग! मी मुठेलाला किलोला हजार देते, व्यापाऱ्यापेक्षा जास्त, आणि काही वर्षं त्याचीच फुशारकी मारत होते. मग एकदा देणाऱ्या बाईंच्या पडवीत बसून पाहिलं. हातानं काढायचं तर किलोभर मुठेलाला पाच-सहा किलो सुकं बी लागतं. फोडणं, पाखडणं, कुटणं, उकळणं, असे एका बाईचे दोन दिवस. बी तिचं, जळण तिचं, भाजलेला हात तिचा. त्यातून जळणच वजा केलं तर ह्यापेक्षा रोजगार हमीवर जाईन, असं ती मला तोंडावर म्हणाली. आणि झाडाचं तर धरलंच नाही. रोपापासून लावलेला रातांबा सात-आठ वर्षांनी फुलतो, तेव्हा कळतं की अर्धी झाडं नर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ ह्या कोकमाच्या जातीची कलमं लावली तर ते टळतं, पण जुन्या परड्यात कलमं कुणाकडे आहेत? हा वेगळा विषय, सोडते.

म्हणून मी तीन गोष्टी केल्या, नुसत्या सांगते. डबी परत आणली तर वीस रुपये कमी, हे इथे गावात चालतं, पुण्यात नाही. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे हा नियमच आहे, एक टक्क्याच्या आतले मग कसेही लिहा. मी मुठेलापुढे ग्रॅमही छापते, ते नियमात नाही. आणि आता मे महिन्यात बाम पाठवत नाही. लोक रागावतात, रागावोत.

राहिला मुद्दा अठ्ठावीस रुपयांचा. त्यातले माझे किती आणि मुठेलवाल्या बायकांचे किती, ह्यावरच खरं बोलायचं होतं, त्यासाठी तर विषय घेतला होता. सध्या मी अठरा ठेवते, दहा वर्षाअखेर त्यांना वाटते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. एकीने विचारलं, दहाच का, चौदा का नाही? मी म्हटलं, बघते. त्याला दोन दिवाळ्या झाल्या.

हॉर्न वाजला, उठा उठा, गाडी जाईल. वही टेबलावर ठेवते, ज्यांना घाई नाही त्यांनी चाळा. २०२३ चं मधलं एक पान नाही, सासूबाईंनी त्यात आमसुलं बांधून लेकीला पाठवली. आणि दाराजवळ खोक्यात तपकिरी साबण आहेत, पैसे नकोत. साठांतले शेवटचे नव्हेत हो, ते कधीच संपले. सासूबाईंना तोच आवडला, आता दरवर्षी करावा लागतो.