जांभळ्या पाइपातलं पाणी

(दृश्य : पहाट. एकमजली घरांची रांग, प्रत्येकासमोर हिरवळ. जमिनीतून स्प्रिंकलर वर येतात आणि फिरू लागतात.)

अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य. पश्चिम किनाऱ्यावर टॅम्पा उपसागर आहे आणि त्याला लागून सेंट पीटर्सबर्ग शहर. तीन बाजूंना खारं पाणी, मध्ये वाळूची सपाट जमीन. या शहरातल्या हजारो घरांसमोरची हिरवळ जे पाणी पिते, ते काही दिवसांपूर्वी इथल्याच न्हाणीघरांतून, मोऱ्यांतून आणि संडासांतून वाहून गेलेलं असतं. शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होऊन ते वेगळ्या पाइपातून परत त्याच गल्लीत येतं.

या पाण्याला तिथे ‘रिक्लेम्ड वॉटर’ म्हणतात. सांडपाणी पुन्हा वापरणं हीच एक बचत आहे, त्यामुळे वापरताना हात आखडायचं कारण नाही, असं कुणालाही वाटेल. सेंट पीटर्सबर्गमध्ये अनेकांना बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण हे पाणीही पुरत नाही, आणि जास्त ओतलं की ज्या उपसागरासाठी एवढी यंत्रणा उभारली, त्यालाच त्रास होतो.

(दृश्य : उपसागर. उथळ पाण्याखाली हलणारं समुद्रगवत.)

गोष्ट उपसागरापासूनच सुरू होते. १९६० आणि ७०च्या दशकांत टॅम्पा उपसागराभोवतालच्या शहरांचं अर्धवट शुद्ध केलेलं मैलापाणी थेट त्यात सोडलं जाई. त्यातलं नत्र खाऊन शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं, तळाशी सूर्यप्रकाश पोचेना. तळावरचं समुद्रगवत मरत गेलं. मासे आणि खेकडे ज्या गवतात वाढतात, मॅनटी नावाचा संथ, अवाढव्य जलचर जे खातो, तेच हे गवत.

१९७२ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने विल्सन-ग्रिझल कायदा केला. उपसागरात पाणी सोडायचं असेल तर ते प्रगत पातळीपर्यंत, म्हणजे त्यातलं नत्रही बरंचसं काढून, शुद्ध करूनच सोडायचं. टॅम्पा शहराने तसं प्रगत केंद्र बांधलं. सेंट पीटर्सबर्गने दुसरी वाट धरली : उपसागरात पाणी सोडायचंच नाही, ते शहरात फिरवायचं.

यामागे आणखी एक कारण होतं. शहराच्या स्वतःच्या विहिरी फार पूर्वीच खारावल्या होत्या. १९३० पासून पिण्याचं पाणी शेजारच्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कॉस्मे-ओडेसा विहिरींतून यायचं. पुढे त्या भागातली तळी आटू लागली आणि पाण्यावरून गावागावांत वर्षानुवर्षं भांडणं, खटले झाले. ते शमवायला अखेर १९९८ मध्ये ‘टॅम्पा बे वॉटर’ ही प्रादेशिक संस्था स्थापन करावी लागली. एवढ्या लांबून आणलेलं गोडं पाणी अंगणातल्या गवतावर शिंपडणं त्या शहराला परवडणारं नव्हतं.

(दृश्य : शुद्धीकरण केंद्र. हवेने घुसळणाऱ्या टाक्या, मग गाळणी, मग झाकलेली क्लोरीनची टाकी.)

१९७७ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुहेरी नळयोजना करणारं सेंट पीटर्सबर्ग हे अमेरिकेतल्या पहिल्या शहरांपैकी एक. पाणी आधी बागा, शाळा, गोल्फची मैदानं यांना मिळालं, नंतर वस्त्यांमध्ये पोचलं. आज दहा हजारांहून जास्त ग्राहक त्यावर आहेत. काही रस्त्यांवर आग विझवण्यासाठीचे नळखांबही (हायड्रंट) या पाइपांना जोडले आहेत.

केंद्रात पाणी जाळ्यांतून जातं. मग हवा भरलेल्या टाक्यांत जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो. उरलेले बारीक कण गाळण्यांत अडकतात आणि शेवटी क्लोरीनने जंतू मारले जातात. पाणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा गढूळ आलं, तर ते वितरणात घेतच नाहीत. ते बाजूला काढून खोल विहिरींवाटे जमिनीखालच्या खाऱ्या थरात सोडतात.

दिसायला हे पाणी नितळ असतं, तरी पिण्याचं नसतं. म्हणून पाइप, झडपांची झाकणं आणि पाट्या जांभळ्या. ही खूण कॅलिफोर्नियातल्या आयर्विन रँच वॉटर डिस्ट्रिक्टने रूढ केली आणि ती देशभर पसरली. नियम साधे आहेत. पोहण्याचा तलाव या पाण्याने भरायचा नाही. सोलल्या किंवा शिजवल्याशिवाय खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ते शिंपडायचं नाही. पिण्याच्या नळाशी त्याची जोडणी कधीही करायची नाही, आणि चुकूनही पाणी उलटं जाऊ नये म्हणून घराच्या पिण्याच्या नळावर उलटप्रवाह रोखणारी झडप बसवायची.

(दृश्य : दुपार. फुटपाथवर ओघळणारं पाणी, रस्त्याच्या कडेने गटाराच्या जाळीकडे.)

सुरुवातीच्या काळात ग्राहक मिळवणं हेच मोठं काम होतं. उपसागरात पाणी सोडायचं नाही म्हटल्यावर ते घेणारं कुणीतरी हवं. म्हणून दर स्वस्त ठेवला आणि घरगुती ग्राहकांना मीटर लावला नाही. महिन्याला ठरावीक रक्कम भरा, मग हवं तेवढं शिंपडा.

त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता. पण त्यातून पडलेली सवय फार चिवट निघाली. पिण्याच्या पाण्यावर असताना जो माणूस आठवड्यातून एकदा हिरवळ भिजवायचा, तो जांभळा नळ मिळाल्यावर एक दिवसाआड, काही जण रोज भिजवू लागले. म्हणजे दहा हंडे शुद्ध केलेलं सांडपाणी दिल्याने दहा हंडे गोडं पाणी वाचतं असं होत नाही. वाचतं त्याहून बरंच कमी. ज्या वस्त्यांत मीटर आहे आणि वापरावर आकार लागतो, तिथे हा वापर लक्षणीय कमी दिसतो.

आता हिशेब करू. समजा ५०० चौरस मीटर हिरवळ आहे. फ्लोरिडा विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा सांगते की एका वेळी अर्धा ते पाऊण इंच पाणी पुरे. अर्धा इंच धरला तरी एका भिजवणीला ६,३५० लिटर लागतात. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे एका अंगणाची एक भिजवण ही ४७ माणसांची दिवसाची गरज झाली. आणि हे योग्य प्रमाणात शिंपडल्यावर. तुटलेल्या स्प्रिंकलरमधून उडणारं, रस्त्यावर पडणारं, भर दुपारी वाफ होणारं पाणी वेगळंच.

(दृश्य : एप्रिल-मेचा कडक उन्हाळा. मग जुलैमधला धो धो पाऊस, त्यातही चालू असलेले स्प्रिंकलर.)

खरी अडचण ऋतूंची आहे. या भागात वर्षाला साधारण ५० इंच पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल आणि मे कोरडे. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

माणसं मात्र वर्षभर सारखीच आंघोळ करतात, सारखेच कपडे धुतात. त्यामुळे केंद्रात येणारं सांडपाणी महिन्यामहिन्याला फारसं बदलत नाही. मागणी मात्र मे महिन्यात उसळते आणि ऑगस्टमध्ये कोसळते. मे महिन्यात सगळ्यांनी पहाटे एकदम झडपा उघडल्या की दाब उतरतो आणि पाइपलाइनच्या शेवटच्या घरांतले स्प्रिंकलर जमिनीतून वरच येत नाहीत. ऑगस्टमध्ये तेच शुद्ध पाणी घ्यायला कुणी नसतं आणि ते खोल विहिरींत जातं.

मग पावसाळ्यातलं पाणी साठवून का ठेवत नाहीत? टाक्या एखाद-दोन दिवसांची गरज भागवतात, चार महिन्यांची नाही. जमिनीखालच्या चुनखडीत साठवायचे प्रयोग फ्लोरिडात झाले, पण पाण्यातल्या प्राणवायूमुळे खडकातलं आर्सेनिक सुटं होतं आणि त्याचा बंदोबस्त महाग पडतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या तुटीवर सगळ्यात स्वस्त उपाय एकच उरतो : आपल्या गवताला लागतं तेवढंच घेणं.

(दृश्य : गटाराची जाळी. तिच्यातून थेट उपसागराकडे जाणारा पाइप, रेखाचित्रात.)

आता नत्राकडे परत येऊ. सेंट पीटर्सबर्गचं पाणी गाळलेलं आणि निर्जंतुक असतं, पण त्यातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी तसंच राहतं. हिरवळीला ते खतच आहे आणि मुळांपाशी राहिलं तर उपयोगाचंच. सेंट पीटर्सबर्ग ज्या पिनेलस काउंटीत आहे, तिथे १ जून ते ३० सप्टेंबर हिरवळीला नत्राचं खत घालायला बंदी आहे, कारण पावसाने ते उपसागरात वाहून जातं. मग ज्याने खताची पिशवी आणली नाही, पण टायमर लावून नत्र असलेलं पाणी फुटपाथवर उडवलं, त्याने केलं काय? तिथली पावसाळी गटारं शुद्धीकरण केंद्रात जात नाहीत. ती उपसागराला मिळतात. वाळूच्या जमिनीत मुळांच्या खाली उतरलेलं जास्तीचं पाणीही नत्र घेऊनच खाली जातं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

उपसागर सावरू शकतो, हे दिसलेलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साधारण २१,६०० एकर समुद्रगवत उरलं होतं. मैलापाणी थांबलं, नत्र कमी झालं आणि २०१४ च्या पाहणीत ते ४०,००० एकरांच्या वर गेलं. पण २०२२ पर्यंत त्यातलं सुमारे १०,००० एकर पुन्हा गेलं. त्याची कारणं अनेक आहेत, मात्र अंगणातून जाणारं नत्र थांबवणं प्रत्येक घराच्या हातात आहे.

पाण्यात थोडं मीठही असतं. समुद्राकाठच्या जुन्या मलवाहिन्यांना भेगा असतात, त्यांतून खारं भूजल आत झिरपतं, आणि केंद्रातली नेहमीची प्रक्रिया मीठ काढत नाही. सेंट ऑगस्टीन नावाचं तिथलं गवत ते सोसतं. अझेलियासारख्या झुडपांची पानं मात्र कडांनी करपतात.

(दृश्य : हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवलेले रिकामे पत्र्याचे डबे. एक बाई पट्टीने पाण्याची उंची मोजते.)

मग बचत करायची कशी? पहिलं काम डब्यांचं. सरळ कडांचे सहा-आठ रिकामे डबे हिरवळीवर पसरून ठेवायचे, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवायचे आणि प्रत्येक डब्यात किती पाणी साचलं ते पट्टीने मोजायचं. अर्धा इंच पाणी पडायला किती मिनिटं लागतात ते कळतं. एका डब्यात जास्त, दुसऱ्यात कमी असेल तर कुठला स्प्रिंकलर बिघडला आहे तेही कळतं.

दुसरं, गवताकडे बघायचं. त्याला तहान लागली की पाती मिटतात, रंग निळसर राखाडी होतो, चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहतात. तेव्हा पाणी द्यायचं. थंडीत गवत जवळजवळ वाढतच नाही, तेव्हा दहा-पंधरा दिवसांतून एकदा दिलेलं पाणीही पुरतं. रोज थोडं थोडं पाणी देणं सगळ्यात वाईट : मुळं वरवर राहतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत पिवळं पडतं.

तिसरं, पावसाचा सेन्सर. ठरावीक पाऊस पडला की तो स्प्रिंकलर बंद ठेवतो. १ मे १९९१ नंतर बसवलेल्या प्रत्येक स्वयंचलित यंत्रणेला असा सेन्सर लावणं फ्लोरिडात कायद्याने बंधनकारक आहे. पण उन्हातान्हात तो काही वर्षांत खराब होतो आणि बऱ्याच घरांत तो चालतो की नाही हे कुणी तपासत नाही. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणखी चांगले. जमीन ओली असेपर्यंत ते झडप उघडूच देत नाहीत, आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाचण्यांत पावसाच्या वर्षी त्यांनी निम्म्याहून अधिक पाणी वाचवलं.

आणि एवढं गवत हवंच का? सावलीतली, उताराची, कुणी पाय न ठेवणारी जागा कून्टी, म्यूली गवत किंवा जमिनीलगत पसरणारी मिमोसा अशा तिथल्याच झाडांना दिली, तर रुजल्यावर त्यांना फारसं पाणी लागत नाही. पूर्वी वस्तीच्या संघटना हिरवळ काढायला हरकत घ्यायच्या. २००९ च्या राज्य कायद्याने त्यांना पाणी वाचवणाऱ्या, फ्लोरिडाला साजेशा बागेला मनाई करता येत नाही.

(दृश्य : पुणे. मोठ्या गृहसंकुलाच्या तळघरातलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, वर बाग.)

आपल्याकडेही मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचं प्रक्रिया केंद्र उभारावं लागतं आणि ते पाणी फ्लशला आणि बागेला जातं. पावसाळ्यात ते जास्त होतं, मे महिन्यात टँकर येत असतो. बागेच्या फाट्यावर वेगळा मीटर बसवला तर सोसायटीच्या सभेत निदान खऱ्या आकड्यांवर बोलता येईल. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, म्हणजे या पाण्यावर बागेखेरीज इतरांचाही हक्क आहे.

(दृश्य : पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. गल्लीच्या टोकाला जांभळं झाकण.)

फ्लोरिडातही तेच होतं आहे. लेकलँड शहराचं पाणी पोल्क काउंटीतल्या वीजकेंद्राला थंडाव्यासाठी जातं. २०२१ च्या राज्य कायद्यानुसार २०३२ पर्यंत शहरांना शुद्ध केलेलं सांडपाणी उपयोगाविना नद्या-खाड्यांत सोडणं बंद करायचं आहे. म्हणजे पाणी फिरवणारी शहरं वाढतील, पाइप लांबतील आणि मे महिन्यातली ओढाताणही वाढेल. नवं केंद्र बांधलं तरी सांडपाणी काही वाढत नाही. वाढवता येते ती फक्त त्यावर भिजणाऱ्या अंगणांची संख्या : आठवड्याला तीन वेळा पाणी देणारं एक घर एका भिजवणीवर आलं, तर १२,७०० लिटर मोकळे होतात आणि पाइपलाइनच्या टोकाच्या आणखी दोन घरांना आठवड्याची भिजवण मिळते.