सामाईक भिंतीचा खर्च

(इंदूरला मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात ताकापासून करतो. थंडीत लोणी वर येईना की माझी आजी घुसळणीत तांब्याभर कोमट पाणी ओतायची. मी एकदा विचारलं, "इतकं घुसळतेस, तर ताक आपोआप गरम नाही का होत?" ती म्हणाली, "हात गरम होतात रे, ताक नाही." तसं ताकही तापतं, पण तिला कळावं इतकं नाही. इंग्रज शास्त्रज्ञ ज्यूलने १८४० च्या दशकात हेच मोजलं. वजनं खाली सोडायची, त्यांनी पाण्यातली पाती फिरवायची आणि थर्मामीटर वाचायचा. किलोभर पाणी एक अंशाने तापवायचं तर किलोभर वजन जवळजवळ ४२७ मीटर खाली यावं लागतं. आपला सात मजली राजवाडा त्यापुढे बुटकाच.

मला त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट आवडते. पाणी एकदा तापलं की ते रवीने तापलं की चुलीवर, हे पाण्याकडे बघून सांगता येत नाही. पाण्यात असते ती ऊर्जा. कार्य आणि उष्णता या तिच्या यायच्या वाटा. मोठ्या जगात रवी वेगळी दिसते, चूल वेगळी दिसते, म्हणून आपलं भागतं. एका अणूच्या बाबतीत रवी कुठली आणि चूल कुठली?

चैत्रगौरीची आरास आठवा. डब्यांवर चादर टाकून केलेल्या पायऱ्या आणि त्यांवर मांडलेल्या बाहुल्या. पायऱ्या म्हणजे अणूच्या ऊर्जापातळ्या, आणि कुठल्या पायरीवर किती बाहुल्या, ही त्या पातळ्यांची संभाव्यता. आराशीची एकूण ऊर्जा दोन तऱ्हांनी वाढते. पायरीखाली वीट सरकवली तर बाहुल्या जागच्या जागी उंच होतात, ते कार्य. पायऱ्या तशाच ठेवून बाहुल्या वरच्या पायरीवर नेल्या, तर ती उष्णता. पोलंडच्या रोबेर्ट अलित्स्की यांनी १९७९ मध्ये खुल्या, म्हणजे परिसराशी देवाणघेवाण करणाऱ्या, क्वांटम प्रणालींसाठी हीच विभागणी गणितात मांडली: हॅमिल्टोनियन (पायऱ्यांची उंची ठरवणारी गणिती राशी) बदलल्यामुळे आलेला भाग कार्य, अवस्था बदलल्यामुळे आलेला भाग उष्णता. इतकी साधी की संशय यावा.

संशय खराच आहे. क्वांटम बाहुली एकाच वेळी दोन पायऱ्यांवर उभी असू शकते, आणि ते दोन भाग एकमेकांशी ताल राखून असतात. कार्य मोजायचं म्हणून आधी ऊर्जा मोजली, की तो ताल तिथेच मोडतो. टाल्कनर, लुट्झ आणि हेंगी यांनी २००७ मध्ये स्पष्टच लिहिलं की कार्य ही 'ऑब्झर्वेबल', म्हणजे एका क्षणी थेट मोजता येणारी, राशी नाही. ऊर्जेला एक ऑपरेटर, म्हणजे तिच्या मोजणीचं गणिती रूप, असतो; तसा कार्याला नसतो. कार्य एका क्षणाचं नसतं, प्रवासाचं असतं. आजीच्या ताकासारखंच.

आकडे किती लहान आहेत तेही बघा. ५ गिगाहर्ट्झच्या क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाच्या, दोन पातळ्यांमधलं अंतर सुमारे ३.३ × १०⁻²⁴ ज्यूल. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा त्याच्या हजारपटीहून जास्त. म्हणून ही यंत्रं निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक-दोन शतांश इतकीच गरम ठेवतात. इकडे इंदूरच्या कॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) लेझरने अणू थंड करणारी मंडळी आहेत, त्यांना हे नवं नाही. लेझरचा प्रकाश शिस्तीत येतो म्हणून तो कार्याच्या खात्यात, दिव्याचा गबाळा प्रकाश उष्णतेच्या. मधल्या प्रकाशाचं काय, यावर मात्र भांडणं होतात.

आता मुख्य गोष्ट. परिसराला चिकटलेली प्रणाली कशी निवळत जाते, याचं समीकरण १९७६ मध्ये दोन ठिकाणी मिळालं: एकीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले केरळचे सुदर्शन, दुसरीकडे लिंडब्लाड. ते सहसा वापरतात तेव्हा गृहीत असतं की परिसराशी असलेला दुवा नाजूक आहे. आता दोन अणू शेजारी ठेवा, एक गरम परिसराला जोडलेला, दुसरा थंड. प्रत्येकाचं समीकरण असं लिहा की शेजारी जणू नाहीच. अमीकम लेव्ही आणि रॉनी कोस्लॉफ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा हिशेबात उष्णता थंडाकडून गरमाकडे आपसूक वाहू शकते. म्हणजे उष्णता आपसूक थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा ऊष्मागतिकीचा दुसरा नियमच मोडला!

नियम मोडला नव्हता, नोंद राहिली होती. २०१८ मध्ये डे कियारा आणि सहकाऱ्यांनी तीच गणितं अशी मांडली की परिसर म्हणजे एकामागून एक येऊन धडकणारे छोटे घटक. प्रत्येक घटक जोडायचा, सोडायचा, मग पुढचा. या जोडण्या-सोडण्याला बाहेरून कार्य लागतं, आणि ते त्या हिशेबात धरलंच नव्हतं. ते खात्यात घेतलं की उष्णता चढावर गेली, पण फुकट नाही. फ्रिजमध्ये जाते तशीच.

दुवा नाजूक नसेल तर? जुन्या वाड्यांमध्ये दोन घरांत एक सामाईक भिंत असायची. ती पडली की दुरुस्ती कुणाची, यावर पिढ्यान्‌पिढ्या अबोला. प्रणाली आणि परिसर यांच्यामधली परस्परक्रियेची ऊर्जा ही तशी भिंत आहे. ती प्रणालीची धरा, उष्णतेचा एक आकडा येतो. परिसराची धरा, दुसरा. एस्पोसिटो, लिंडेनबर्ग आणि व्हान डेन ब्रूक यांनी २०१० मध्ये परिसराने जितकी ऊर्जा गमावली तितकीच उष्णता धरली. मला हे पटतं, कारण परिसरात निदान तत्त्वतः थर्मामीटर बुडवता येतो, भिंतीत कुठे बुडवणार? पण मग भिंतीचा सगळा खर्च प्रणालीच्या माथी येतो. वाड्यातही असंच व्हायचं. शेजारी भाडेकरू, आणि भिंत कायम मालकाची.