शाळेत कॅमेरा बसवायचाय? पैसे कुठून येतात ते आधी बघा

(ठरावाची वही कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. ही आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची ठरावाची वही. कोपरे दुमडलेत, मधल्या पानावर चहाचा डाग आहे. पण शाळेच्या सुरक्षेसाठी सरकारी पैसा कसा येतो, हे मला जीआरपेक्षा या वहीनं जास्त शिकवलं.

ऑगस्ट 2024. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. खासगी शाळांनी एका महिन्यात सीसीटीव्ही बसवायचे, नाहीतर अनुदान रोखू, परवानगी रद्द करू. म्हणजे खासगी शाळेला तंबी मिळाली, पैसा नाही. तेव्हा कुणी तुम्हाला "कॅमेऱ्याचं सरकारी अनुदान यायचंय, म्हणून थांबलोय" असं सांगत असेल, तर कुठल्या जीआरनं येणार आहे ते विचारा.

जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांना मात्र वाट दाखवलीय. जिल्हा वार्षिक योजनेतला 5 टक्के निधी शालेय शिक्षणासाठी राखून ठेवतात, त्यातून कॅमेरे घ्या म्हणून. हा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या हातात. अध्यक्ष पालकमंत्री, सचिव जिल्हाधिकारी. आता गंमत बघा. त्याच 5 टक्क्यांवर शिक्षणाच्या बाकी योजनाही डोळा ठेवून असतात. तुमच्या शाळेचा प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग असा वर सरकला तरच नाव यादीत येणार. कागद गेलाच नाही, तर वर कुणाला स्वप्न पडणार आहे का?

बरं, कॅमेरे आले समजा. आमच्याकडे चार आले. त्यातला एक अजून कडुलिंबाकडे बघतोय. रेकॉर्डर ऑफिसच्या कपाटात, आणि लाइट गेली की तो झोपला. जीआर म्हणतो, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचं. दोन शिक्षकांच्या शाळेत? वर्ग चौथीपर्यंत, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आणि वर हे. बदलापूरच्या त्या शाळेतलं 15 दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. तिथं कॅमेरे होते, तरी.

खरेदीला निधी मिळतो, पण लाइट बिल, हार्ड डिस्क, दुरुस्ती कुठून करायची? समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानातून. निकष असे: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, हजारपर्यंत 75 हजार, त्यापुढे एक लाख. यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, बिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं. आता 28 पटाच्या शाळेनं 10 हजारात कॅमेरे वर्षभर चालू ठेवून दाखवावेत.

आणि कॅमेरा छप्पर धरून ठेवत नाही, हेही बोलून टाकतो. ऑगस्ट 2017 मध्ये नगरजवळ निंबोडीला शाळेचं छत कोसळून मुलं गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत तसंच झालं, सात मुलं गेली. खोली धोकादायक असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती अधिकृतपणे मोडीत काढून पाडण्याचा, प्रस्ताव लागतो, दुरुस्तीजोगी असेल तर अभियंत्याचं अंदाजपत्रक. हे काम कॅमेऱ्यासारखं उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून मागे पडतं, असं माझं मत. माझा क्रम विचाराल तर आधी छत, मग मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी, मग कुंपण, मग कॅमेरा. त्या कडीसाठी नियोजन समिती लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आमच्या शाळेत ती बसायला दोन वर्षं लागली, कारण कुणी मागितलीच नव्हती.

मागायचा हक्क तुमचाच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा याच समितीनं करायचा. म्हणून ठराव "शाळेची सुरक्षा वाढवावी" असा मोघम लिहू नका. आमचा वाचून दाखवतो:

(वही उघडून)

"खोली क्र. 3 चे छत गळत असून गज उघडे पडले आहेत. अभियंत्यांकडून पाहणी व अंदाजपत्रक मिळावे. कॅमेऱ्यासोबत रेकॉर्डरला बॅटरी बॅकअप व देखभालीची तरतूद अंदाजपत्रकातच धरावी. कॅमेरा क्र. 2 ची दिशा फाटकाकडे करावी."

खाली सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या, आणि एका आजींचा अंगठा. याची प्रत पंचायत समितीच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का नीट उठलाय का, तिथंच उभं राहून बघा. आमचा पहिल्यांदा उठला नव्हता.