विमानाचा गुडघा

मंडळी, हे टेबल मी मुद्दाम व्यासपीठावर आणून ठेवलं आहे. जत्रेत खाजेंवाले मांडतात तसलं, पाय मिटणारं. आता हा पाय मी उघडतो. पायाला जोडलेली ही पट्टी बघा, दोन तुकड्यांची, मधे रिवेट. पट्टी सरळ झाली. आता अंगठ्याने आणखी किंचित दाबतो. टक्! ऐकलंत? रिवेट सरळ रेषेच्या जरासं पलीकडे गेलं आणि तिथे अडलं. आता टेबलावर दोन्ही हातांनी कितीही भार द्या, पाय मिटणार नाही. भार त्या रिवेटला आणखी पलीकडेच ढकलतो, आणि पलीकडे तर अडसर आहे. मिटवायचा असेल तर मात्र एका बोटाने रिवेट उलट दाबलं की पुरे.

गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर उतरणारं विमान याच युक्तीवर उभं असतं.

बहुतेकांना वाटतं की चाक तेलाच्या दाबाने धरून ठेवलेलं असतं. एअरबस 320 सारख्या विमानात हा दाब चौरस इंचाला 3000 पौंड असतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तेलाचं काम चाक खाली आणण्याचं. धरून ठेवतात ते दांडे. मुख्य पायाला एक तिरका दांडा आधार देतो, आणि त्याला मधे सांधा असतो, आपल्या गुडघ्यासारखा. तो सांधा वाकू नये म्हणून दोन छोटे दुवे असतात, त्यांना लॉक लिंक म्हणतात. चाक पूर्ण खाली आलं की हे दुवे सरळ रेषा ओलांडून अडसराला टेकतात, आणि दणकट स्प्रिंगा त्यांना तिथेच खेचून ठेवतात. चाक परत वर घ्यायचं तर आधी एक लहान सिलिंडर हे दुवे उलट ओढतो, मगच पाय हलतो. काही विमानांत कुलूप सिलिंडरच्या आतच असतं, पण मला ही दांड्यांची रचना जास्त आवडते. कारण ती डोळ्यांना दिसते.

तेल सगळं गळून गेलं तर? एअरबस 320 मध्ये वैमानिक एक हँडल तीन वेळा फिरवतो. मिटलेली चाकं धरून ठेवणारी वरची कुलुपं सुटतात, पाय आपल्याच वजनाने खाली येतात, आणि शेवटची ती 'टक्' स्प्रिंगा करतात. पुढचं चाक बहुतेक विमानांत पुढच्या दिशेने मिटतं, म्हणजे उघडताना समोरचा वाराच त्याला मागे ढकलून सरळ करतो. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

कुलूप बसलं हे वैमानिकाला कळतं ते हिरव्या दिव्यांवरून. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न या अमेरिकी कंपनीच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. चाक खाली होतं, कुलूपही बसलेलं होतं. फक्त बल्ब गेले होते. दुव्यांचे दांडे एका रेषेत आले आहेत का हे बघायला फ्लाइट इंजिनिअर खालच्या कप्प्यात उतरला, वरची मंडळी दिव्याशी झटापट करत राहिली, आणि ऑटोपायलटने उंची धरणं सोडलं आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. 101 माणसं गेली. चाळीस वर्षं विमानांचं काम केलं, पण ही गोष्ट सांगताना माझा आवाज आजही बसतो.

विमान उभं असतानाही काळजी आहेच. जमिनीवर कुलुपात लाल फीत लावलेली पिन घालतात, म्हणजे दुवे उलट फिरूच शकत नाहीत. जून 2021 मध्ये हीथ्रोवर एका बोइंग 787 ची पुढची पिन शेजारच्या दुसऱ्याच भोकात घातली गेली. दुरुस्तीच्या तपासणीसाठी चाकं वर घेण्याचा लिव्हर वर केला, आणि उभ्या विमानाचं नाक जमिनीवर आलं.

येत्या रविवारी मुलांना घेऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. बाहेर सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं जुनं विमान उभं आहे. पंख्यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही खाली वाका, चाकाचा पाय बघा, आणि मधे सांधा असलेला दांडा सापडतो का ते मुलांना शोधू द्या.