गुलमर्ग की औली? आधी डोक्यातून गोंडोला काढा

नमस्कार मंडळी! मागच्या बर्फाच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, आयुष्यात पहिल्यांदाच स्कीइंग करायचंय. गुलमर्ग की औली, एक काय ते सांगा." सांगते.

प्राथमिक माहिती पटकन उरकते. गुलमर्ग काश्मीरमध्ये, श्रीनगरपासून साधारण 50 किलोमीटर, उंची 2,650 मीटरच्या आसपास. औली उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर. तिथले उतार अंदाजे 2,500 ते 3,000 मीटरमधले. बूट, स्की, शिकवणारा माणूस दोन्हीकडे मिळतो. झालं!

आता माझ्या रागाचा विषय: गोंडोला, म्हणजे गुलमर्गची केबल कार. दहातल्या नऊ कमेंटमध्ये निकाल आधीच लागलेला असतो: "गुलमर्गच, कारण तिथे गोंडोला आहे." अहो, पण तुम्हाला स्कीइंग येतं का? नाही ना? मग गोंडोलाचा आणि तुमचा संबंध काय?

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरी या मधल्या थांब्यापर्यंत, सुमारे 3,080 मीटर. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,950 मीटर. वर गेल्यावर तुम्हाला वाटतं तसा मशीन फिरवून गुळगुळीत केलेला उतार नसतो. तो उघडा डोंगर आहे. जगभरातले पट्टीचे स्कीअर त्याच्यासाठीच येतात. जोराची बर्फवृष्टी झाली की हिमस्खलनाच्या धोक्यामुळे वरचा टप्पा बंदही ठेवतात. 2024 च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलन होऊन एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. आणि आपण तिथे पहिल्या दिवशी जायचं म्हणतोय, भाड्याचे बूट घालून!

बरं, धोका सोडा. पहिल्या दिवशी तुम्ही करता काय ते बघा. सकाळ जाते बुटात. हे बूट म्हणजे प्लास्टिकचं कडक कवच असतं. पाय आत घातला की आधी टाच मागे ठोकायची आणि मग बकलं लावायची. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की ती जराशी मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून घ्या. दुकानदार "चलेगा" म्हणेल, नाही चालत. मोजा एकच, लांब, नडगीच्या वरपर्यंत. "थंडी आहे म्हणून दोन मोजे घालू का?" नका घालू! आत चुण्या पडतात, पाय सोलवटतो आणि रक्त नीट फिरत नाही म्हणून गारही जास्त पडतो.

त्यानंतर चढावर खेकड्यासारखं आडवं चालायचं. मग स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडांवर दाब, आणि थांबायला शिकायचं. चालू कसं करायचं हे शिकावं लागत नाही, ते काम उतार करतो. थांबणं शिकावं लागतं. हे सगळं होतं गुलमर्गच्या गोल्फ कोर्सच्या आसपासच्या बसक्या उतारांवर. तिथे गोंडोला लागत नाही.

तरीही कुणीतरी म्हणणार, "एवढं जातोय तर वर जाऊनच येतो." जा की! पर्यटक म्हणून जा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, फोटो काढा, गोंडोलानेच खाली या. फक्त त्या रांगेत जो अर्धा दिवस जाईल तो शिकण्यातून वजा होतो, हे लक्षात ठेवा. शिकणाऱ्यासाठी हिशेब एकच: रजेतले किती दिवस स्की पायात राहणार?

आणि इथेच माझं मत गुलमर्गकडे झुकतं. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. पुढे गाडी. बर्फ जास्त असेल तर वाटेतल्या तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधायच्या किंवा फोर बाय फोर घ्यायची. सकाळी निघालात तर रात्रीचं जेवण गुलमर्गला. औलीला आधी डेहराडून किंवा हरिद्वार गाठा, मग ऋषिकेशपासून जोशीमठ साधारण 250 किलोमीटर, सगळा घाट. अख्खा दिवस जातो. म्हणजे जायला दोन, यायला दोन. सहा दिवसांच्या रजेत उरलं काय?

शिवाय जुन्या व्हिडिओंमध्ये जोशीमठ ते औली रोपवे दिसतो, तो धरून प्लॅन आखू नका. 2023 च्या जानेवारीत जोशीमठमध्ये जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हा तो बंद केला. वर रस्त्यानेच जायचं. औलीच्या उतारावरची चेअरलिफ्ट वेगळी, तिची आणि रोपवेची गल्लत करू नका.

आता औलीवाले चिडतील. थांबा! दहा-बारा दिवस हातात असतील आणि खरंच शिकायचं असेल, तर औली मला आवडतं. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, गर्दी कमी असते, आणि शिकता शिकता समोर नंदादेवी. 7,816 मीटर! पडल्यावर उठायची घाई होत नाही. गुलमर्गमध्ये उलट, दोन पावलं टाकली की स्लेजवाला, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारा, विचारतो, नाही म्हटलं तर दुसरा विचारतो. त्यांचं पोट त्यावर आहे, कळतं मला, पण पाचव्यांदा "नको भैय्या" म्हणताना सौजन्य संपतं.

राहिला बर्फ. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वादळं, आधी काश्मीरवर आपटतात, उत्तराखंडाच्या वाट्याला बहुतेक वेळा कमी येतं. म्हणून औलीचा भरवसा कमी. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धाही बर्फाअभावी रद्द झाल्या आहेत. पण गुलमर्गचीही हमी नाही. 2024 च्या जानेवारीत तिथे तपकिरी गवत दिसत होतं आणि 2025 च्या फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले, मार्चमध्ये झाले. नाताळच्या सुट्टीचा हट्ट सोडा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर बघा. शाळा बुडेल, हो. मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक माझ्या हातात नाही. आणि "मे महिन्यात होईल का?" विचारणाऱ्यांनो, मे महिन्यात बर्फ बघायला मिळेल, पण तुमचा बसका उतार तोवर हिरवागार झालेला असतो.

एक राहिलं. काश्मीरमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरातल्या एकाचं तरी करून घ्या आणि विमानतळावर नाही, निघायच्या आठवडाभर आधी.